साडेपाच तास

१

शिरोड्याच्या वेळागरावर, सुरूच्या बनाच्या अलीकडे, काशीराम तांडेलाचं घर. घराची पुढची खोली म्हणजे त्याच्या सुनेचं, संचिताचं, टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेचे दाखले, वाडीला जे लागेल ते ती तिथल्या कॉम्प्युटरवर करून द्यायची. रोज सकाळी चहा झाला की काशीराम पुढच्या खोलीत यायचा, कॉम्प्युटरवरचं फडकं काढून त्याची घडी करायचा आणि वेताच्या खुर्चीत बसायचा. मशीन चालू करायचं काम संचिताचं. काशीराम नुसते आकडे मोजायचा.

चालू केल्यावर पडदा आधी काळा व्हायचा आणि त्यावर दोन ओळी उमटायच्या. वरची विंडोज, खालची लिनक्स. वरच्या ओळीवर एक पांढरी पट्टी असायची आणि खाली दहापासून उलटे आकडे. कोणी काही दाबलं नाही तर आकडे संपून वरची ओळ उघडायची. ती संचिताच्या कामाची. खालची ओळ सत्यवानाची. तिला कोणी हात लावत नसे.

सत्यवान हा काशीरामाचा एकुलता झील, संचिताचा नवरा. वेंगुर्ल्याला कॉम्प्युटर शिकून त्यानेच एका मशीनवर ही दोन बिऱ्हाडं बसवली होती. दोन हजार पाचच्या आश्विनात काशीरामाचे गुडघे धरले, म्हणून बापाच्या जागी तो होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. होडी तिसऱ्या दिवशी रेडीच्या बाजूला मिळाली. जाळं पाण्यात सोडलेलं, जेवणाचा डबा न उघडलेला. माणूस नाही.

दीड वर्ष झालं. दर्भाचा पुतळा करून विधी उरकून टाक म्हणून वाडीतल्या जाणत्यांनी काशीरामाला चार वेळा सांगितलं. त्याने चार वेळा मान हलवली आणि काही केलं नाही. नारळी पुनवेला सगळी वाडी दर्याला नारळ देते. काशीराम गेल्या पुनवेला रिकाम्या हातांनी वाळूत उभा राहिला. कोणीतरी टोकलं तेव्हा म्हणाला, "झील घेऊन पोट भरूक नाय तेचा? आता नारळ खंयचो मागता?"

तो मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता. पण ते वाक्य वाडीभर झालं.

२

त्या वैशाखात शिरोड्याला सकाळी साडेनऊला वीज जायची आणि साडेबाराला यायची. संचिता तेवढ्यात स्वयंपाक उरकायची, जेवणं व्हायची, आणि तीनला पुन्हा दुकान उघडायची.

एका दुपारी ती पडद्याच्या कोपऱ्यात बघून म्हणाली, "बाबांनू, तीन वाजले आणि हेच्यातला घड्याळ साडेनऊ दाखयता."

"लाईट गेली तेव्हा थांबला असतला," काशीराम म्हणाला.

तिलाही ते पटलं. तिने घड्याळ सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी एक लग्नघर दुपारीच येऊन बसलं होतं, म्हणून तिने मशीन दोनलाच उघडलं. घड्याळात साडेआठ. त्याच्या दुसऱ्या दिवशी चारला उघडलं. साडेदहा. काशीरामाने बोटांची पेरं मोजली. थांबलेलं घड्याळ एकाच जागी थांबतं. हे थांबत नव्हतं. हे चालत होतं, फक्त साडेपाच तास मागून चालत होतं.

गुरुदासाला बोलावलं. गुरुदास सत्यवानाचा शाळेपासूनचा दोस्त, बाजारपेठेत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास. मोटारसायकल माडाला टेकवून तो आत आला, मशीन उघडून आतला सेल बदलला आणि चहा पीत बसला. पिता पिता त्याचा चेहरा उतरला.

"काय रे? सेल महाग पडलो?" काशीरामाने विचारलं.

"सेल बरो होतो, काकानू. सेल गेलो असतो तर घड्याळ धा-बारा वर्सां मागे गेला असता. बरोबर साडेपाच तास मागे एकाच कारणान जाता." त्याने कप खाली ठेवला. "घर एक, बिऱ्हाडां दोन. विंडोज हयलो वेळ धरता, लिनक्स धरता विलायतेचो. लिनक्स चालू करून बंद केलास की घड्याळ साडेपाच तास मागे पडता. कोणीतरी खालची ओळ उघडता हो."

संचिताने मान हलवली. "तेचो परवलीचो शब्द माका खंय म्हायत आसा?"

"आणि काकानू, तुमी?"

"माका रेडिओ लावूक येना नाय, रे."

गुरुदास हसला. "लाईट इली की मशीन आपसून चालू होता. ता सत्यवानानच तसा करून ठेवल्यान. पण आपसून चालू झाला तर वरची ओळ उघडूक व्हयी. खालच्या ओळीवर जावक कळ दाबूची लागता. बोटान."

खोलीत पंखा कटकट करत फिरत होता. संचिताची सहा वर्षांची पोर, रिया, उंबऱ्यावर बसून शिंपल्यांची रांग लावत होती.

"दोन बिऱ्हाडां," काशीराम सावकाश म्हणाला. "मगे एकामेकाच्या घरात जातत काय ती?"

"थयसरच तर गोची आसा. दोघांची मांडणी जुळना नाय. लिनक्सवाल्याक विंडोजातला सगळा दिसता. वाचूक येता. पण हात लावूक गावत नाय, एक अक्षर बदलूक गावत नाय. आणि विंडोजवाल्याक थयला कायच दिसत नाय. तो म्हणता, थंय कोरी जागा आसा, पुसून घेव?"

हे संचिताला ठाऊक होतं. लिनक्सचा तो कप्पा विंडोजमध्ये 'एफ' या नावाने दिसायचा. पडद्याच्या कडेला सत्यवानाच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटवलेली होती: 'एफ वर बोट लावू नको. कोरं आहे म्हणेल, पुसू का विचारेल. नाही म्हण.'

"दोघांका मिळून म्हणान सत्यवानान मधी एक पडवी काढल्यान," गुरुदास म्हणाला. "थंय ठेवलेला दोघांकय दिसता. दोघांकय उचलूक येता."

संचिता त्या पडवीत रोज सकाळी एकदा डोकावत असे. किनाऱ्यावर जाऊन बघून यावं तसं. दीड वर्षात तिथे कधी काही नव्हतं.

३

गुरुदास गेल्यावर तिने पडवी उघडली. आत एक गोष्ट होती. नावाच्या जागी नुसते चौकोन, अक्षर एकही नाही.

तिने ती वाजवली. आधी काहीच ऐकू येईना. मग दूर कुठेतरी माडाचं झाप पडलं. कावळा. वाळूवर कोणीतरी पाटी आपटली.

"ही आपलीच खोली," संचिता म्हणाली. मशीनला एक माईक लावलेला होता. सत्यवान त्यावरून मस्कतच्या मित्राशी बोलायचा.

काशीराम कान देऊन ऐकत राहिला. काहीतरी कमी होतं. ते काय, हे कळायला त्याला वेळ लागला.

"पंखो वाजना नाय," तो म्हणाला.

या खोलीतला पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत कटकटत असे. तो फक्त साडेनऊ ते साडेबारा गप्प असायचा. वीज नसताना. आणि वीज नसताना हे मशीन नुसतं पत्र्याचं खोकं.

मग आतून रियाचा आवाज आला. अगदी जवळून, माईकला ओठ लावल्यासारखा.

"निजलंय खंय? मी केव्हाच उठलंय."

थोडा वेळ गेला. दुसरा आवाज नव्हता. पण रिया थांबली होती, ऐकणारा थांबतो तशी.

"आई जेवण करता... आजो खळ्यात आसा. बघना नाय... हां... किती पाणी?... हां. येतंय मी. कोणाक सांगूचंय नाय."

संचिताने बंद करायला हात पुढे केला, पण बोट कुठे ठेवायचं ते तिला सुचेना. आवाज आपणच संपला.

४

काशीराम उठून घरापुढच्या खळ्यात गेला. रिया पोफळीच्या सावलीत होती. तो गुडघे धरून तिच्याशेजारी बसला आणि बराच वेळ तिच्याबरोबर शिंपले लावत राहिला. घाईने विचारलं की पोरं खोटं बोलतात, हे त्याला माहीत होतं.

"दुपारची कोणाशी बोलतंस गो, बाय?"

"बाबाशी."

"खंय आसा तो?"

"आत." तिने शिंपल्यानेच पुढच्या खोलीकडे दाखवलं.

"काय म्हणता?"

"तेका आपण सगळी दिसतंव. पण हात लावूक गावत नाय. म्हणान माका म्हणता, तूच इकडे ये."

काशीरामाने स्वतःला सांगितलं, पोर उंबऱ्यात बसून गुरुदासाचं ऐकत होती. ऐकलेलं ते बोलते आहे. बाप नसलेली पोर, तिने आपल्या मनाने बाप केला. यात काय मोठं. मनाला हे सगळं पटलं. हातातला शिंपला मात्र जागेवर बसेना.

"वेडो आसा बाबा," रिया म्हणाली. "जेवूची वेळ होता आणि हो इचारता, अजून निजलंस कित्याक?"

"आणखी काय म्हणता?"

"पुनवेच्या ओहोटीक खडपांकडे ये म्हणता. मगे पाणी कमी आसता. सारखी हाक मारता. रिया, रिया करून."

काशीरामाचा हात थांबला.

"हाक मारता? तो आपणान?"

"हां."

पुनव दोन दिवसांवर होती. पुनवेला दुपारी बाराच्या सुमारास भरती लागते आणि सांजेला सहाला पाणी इतकं मागे जातं, की एरवी न दिसणारी खडपं, पाण्याखालचे ते काळे खडक, उघडी पडतात.

५

वेळागरावरच्या होडीवाल्यांचा एक नेम आहे. हाक किनाऱ्यावरून जाते. आई मारते, बायको मारते, म्हातारा बाप मारतो, आणि होडीतला माणूस ओ देतो. पाण्यातल्याने जमिनीवरच्याला नावाने हाक मारायची नाही. मासळी कितीही लागो, होडी बुडायला येवो, नाही. पाण्यातून आलेली हाक माणसाला पाण्यात नेते.

सत्यवान आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा बापाबरोबर गेला आणि किनारा दिसल्याबरोबर आनंदाने "आई" म्हणून ओरडला. काशीरामाने त्याच्या थोबाडीत दिली होती. आयुष्यात मारलेली तेवढी एकच. त्या रात्री पोराच्या गालाखाली आपला तळहात ठेवून तो तसाच पडून राहिला होता. सत्यवानाने पुन्हा कधी हाक मारली नाही. ओ मात्र अशी द्यायचा, की अख्खं वेळागर ओळखायचं. आधी खाली, खोल, आणि मग मध्येच फुटून वर जाणारी.

हे सगळं काशीरामाने संचिताला चुलीजवळ बसून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे पुसूक सांगतास तुमी," ती म्हणाली. "दीड वर्स सगळी सांगतत, कुंकू पूस, मंगळसूत्र काढ. मी आयकलंय? तुमी नारळ नाय दिलास, मी कुंकू नाय पुसलंय. आता तुमीच सांगतास, हां पूस?"

"मी खंय सांगतंय?" काशीराम म्हणाला. "मी हाक मारतंय. परवा, लाईट इली की. ओ इली तर तो आपलो. मगे मी मरासर ह्या खोक्याक कोणाक हात लावूक देवचंय नाय, आणि रियाक घेऊन तू वाडीत खंयय दुसऱ्या घरात ऱ्हव. पण ओ नाय इली तर..."

संचिताने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. धूर दोघांच्या मध्ये उभा राहिला.

"ओ नाय इली तर मी पुसतंय," ती म्हणाली. "तुमचो हात नको. माझो."

६

पुनवेच्या दिवशी रियाला शेजारच्या सावित्रीकडे ठेवलं. बारा वाजता काशीराम मशीनसमोर खुर्ची ओढून बसला. गुरुदासाने त्याला दोन कळा दाखवून ठेवल्या होत्या: पट्टी वर नेणारी, आणि उजवीकडची मोठी, ओळ उघडणारी. त्यांच्यावर संचिताने टिकल्या चिकटवल्या होत्या. ती त्याच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून.

खोली गप्प होती. भरतीचं पाणी सुरूच्या बनापर्यंत आलं होतं, त्याचा घोळणारा आवाज तेवढा.

साडेबाराला आधी पंखा हलला. मग मशीनच्या पोटात घरघर झाली आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. दहा. नऊ. आठ.

सातवर पट्टी खाली सरकली.

काशीरामाने संचिताच्या हातांकडे बघितलं. ते मांडीवरच होते. आकडे थांबले होते. पट्टी खालच्या ओळीवर स्थिर उभी.

त्याने टिकलीवर बोट ठेवलं आणि दाबलं. पट्टी वर आली. क्षणभर राहिली. खाली गेली. त्याने पुन्हा वर नेली. पुन्हा खाली. आडव्या पाण्यात सुकाणू असंच ओढतं. भांडून चालत नाही आणि सोडूनही चालत नाही. त्याने बोट उचललंच नाही.

"मारा हाक," संचिता पुटपुटली.

एक बोट कळेवर तसंच ठेवून त्याने मान समुद्राकडच्या खिडकीकडे वळवली. दीड वर्षात त्याने ही हाक मारली नव्हती. छाती भरून घेतली.

"सत्यवानाऽऽऽ! घराक येऽऽ!"

बनातले कावळे उडाले. त्याने थांबून वाट बघितली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारताना आवाज चिरकला, पण पुरी मारली.

पाणी घोळत होतं. पंखा कटकटत होता. ओ आली नाही. संचिता डोळे मिटून बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत असावी. शंभरपर्यंत, दोनशेपर्यंत. काशीरामाने तिला मोजू दिलं.

मग मशीनच्या बाजूच्या छोट्या भोंग्यातून, अगदी हळू, आलं.

"रिया."

आवाज सत्यवानाचा होता. त्यात काही खोट असती तर बरं झालं असतं.

काशीराम पडद्याकडे वळला. काळ्या काचेत खोली दिसत होती. त्याच्या पाठीमागचं दार आता सताड उघडं होतं, ऊन आत आलं होतं. काचेतलं दार लागलेलं होतं. आडणा घातलेला. उजेड सकाळचा, कोवळा. खाली जमिनीवर रियाचं अंथरूण, जे संचिताने साडेसातला गुंडाळून ठेवलं होतं. त्यात रिया कुशीवर झोपलेली. आणि तिच्या उशाशी कोणीतरी वाकलं होतं. कपडे अंगाला चिकटलेले. हात तिच्या केसांच्या वर धरलेला, एक वीतभर. टेकत नव्हता. पुन्हा पुन्हा खाली येत होता आणि टेकत नव्हता.

त्याच्या बोटाखालची कळ थरथरली.

"ओ देवक येना नाय तुका," काशीराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "आणि हाक मारतंस? माझ्या घरात? माझ्या नातीक?"

त्याने पट्टी वर नेली आणि दुसऱ्या हाताने मोठी कळ दाबली.

काच उजळली. विंडोज आलं. संचिताने कडेची चिठ्ठी नखाने सोडवली, घडी करून पोलक्यात ठेवली, आणि एफ वर बोट लावलं. मशीनने विचारलं. कोरं आहे, पुसू का? दीड वर्ष ती 'नाही' म्हणत आली होती. तिने 'हो' दाबलं. पुढे आणखी एकदा विचारलं. आणखी एकदा दाबलं. मग हिरवी पट्टी सावकाश भरत गेली, आणि ती भरेपर्यंत दोघंही तिथून हलली नाहीत.

७

सांजेला काशीराम खळ्याच्या पायरीवर बसला होता. रिया सावित्रीकडून आली होती आणि त्याने तिचा हात धरून ठेवला होता. पाणी खूप मागे गेलं होतं. खडपं काळी, ओली, एकामागे एक उघडी पडली होती, पाण्यापर्यंत चालत जाता यावं अशी. आत संचिता आडाळ्यावर खोबरं खवत होती. खसखस, खसखस.

त्या दुपारी घड्याळ बरोबर होतं. संचिताने दोनदा बघितलं होतं. काशीरामाला वाटलं होतं, आज रात्री झोप लागेल.

तेवढ्यात खडपांच्या पलीकडून ओ आली.

आधी खाली, खोल, आणि मग मध्येच फुटून वर जाणारी. थोडं थांबून दुसरी. मग तिसरी. तिन्हींमध्ये तेवढंच अंतर, जेवढं त्याने आपल्या तीन हाकांमध्ये ठेवलं होतं.

काशीरामाने दाराच्या आत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा. त्याचा मोकळा हात मांडीवर होता. अंगठा आपोआप पेरांवरून फिरू लागला. साडेबारा. दीड. अडीच. साडेतीन. साडेचार. साडेपाच. आणि अर्धा.

आतली खसखस थांबली.

"आजो," रिया म्हणाली, "बाबान ओ दिली."

"आयकलंय, बाय."

"मगे जावया?"

काशीरामाच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते त्याने पुसलं नाही, कारण एक हात रियाच्या हातात होता आणि दुसऱ्याने त्याने पायरीचा दगड धरला होता. तो खडपांकडे बघत राहिला. तिथे शेवटच्या दगडापाशी काहीतरी उभं होतं, किंवा तो दगडच होता. उजेड कमी होत होता.

"घराक ये म्हटलंय तुका," तो म्हणाला, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं. "येवचा तर तू ये. दार उघडा आसा. हयसून कोण येवचो नाय."

रियाने हात ओढला. त्याने सोडला नाही.

 मग आत आडाळ्यावर नारळ पुन्हा टेकला आणि खसखस सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.